पाना तुमच्या खिशात होता

"काटेकोर माणूस," असं तुमच्या शोकसभेत चौघांनी म्हटलं. मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पंखे फिरत होते, तुमच्या फोटोला रजनीगंधाचा हार होता आणि मी पहिल्या रांगेत पदर तोंडाशी धरून बसले होते. लोकांना वाटलं, बाईंना रडू आवरत नाही. मला राग आवरत नव्हता. पाचव्या माणसानं पुन्हा काटेकोर म्हटलं, तर उठायचं आणि सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

पण पाचवा निमाई निघाला. नौदलात तुमच्या स्क्वाड्रनमधला, म्हणजे विमानांच्या तुकडीतला, तुमचा जोडीदार, हावड्याहून लाँचनं आलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्याला मराठी येत नाही, म्हणून तो हिंदीत एवढंच म्हणाला, "बिनायकदा जो बोल दिया, वो पक्का. हम तो बिना गिने सही कर देता था." आणि हात जोडून खाली बसला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मेलेल्या माणसावर दात-ओठ खात बसून राहिले.

आज तुम्हाला जाऊन दीड महिना होऊन गेला. श्राद्ध झालं, मुलगा रजा संपवून परत गेला, शेजारच्या बायकांचे डबे यायचे थांबले. आता घरात मी आहे, तुमच्या बारा वह्या आहेत आणि आपलं अर्धवट राहिलेलं भांडण आहे. तुम्ही भांडणातून नेहमीच असे उठून जात होतात. "फिरून येतो" म्हणायचं आणि चपला घालायच्या. या वेळी जरा लांब गेलात.

मला तुमची पहिली आठवण येते ती विमानवाहू बोटीची. आपलं नुकतंच लग्न झालं होतं. मी इथेच, बालीगंजला जन्मलेली, मला समुद्र ठाऊक नव्हता, आणि तुम्ही मला मुंबईला घेऊन गेलात, कारण त्या दिवशी घरच्या माणसांना बोट बघायला परवानगी होती. मला वाटलं होतं तुम्ही विमानं उडवता. "छे गं," तुम्ही म्हणालात, "उडवणारे वेगळे. आम्ही नीट परत येतील अशी करून देतो." केवढा अभिमान होता तुम्हाला त्या वाक्याचा. डेक बघून मी हरखले. एवढं मोठं मैदान, आणि ते पाण्यावर चालतं! वाऱ्यानं माझा अंबाडा सुटला, मी तो सावरायला गेले आणि केसांची पिन कुठेतरी पडली. मी म्हटलं, जाऊ दे, एक पिन. तुमचा चेहरा उतरला. तुम्ही गुडघ्यांवर बसलात. लोक बघायला लागले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "ही पिन इंजिनात गेली तर विमान जाईल, आणि आतला माणूससुद्धा."

तेव्हा एक काटकुळा पोरगेला माणूस डेकवर पोटावर आडवा झाला, एका खाचेत दोन बोटं घातली आणि पिन काढून माझ्यापुढे धरली. "बौदी, आपका." बौदी म्हणजे वहिनी. हा निमाई. नौदलात नुकताच आलेला. तुमच्या हाताखाली शिकत होता आणि तुमच्याकडे असं बघत होता जसं माझ्या वर्गातली पोरं पहिल्या आठवड्यात माझ्याकडे बघतात.

त्या दिवशी तुम्ही मला ती रांगही दाखवलीत. उड्डाणं सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी डेकच्या या काठापासून त्या काठापर्यंत ओळीत उभं राहायचं, मान खाली घालायची आणि पावलं टाकत जायचं. स्क्रू, वॉशर, खडा, दोऱ्याचं टोक, दिसेल ते उचलायचं. ही सवय तुम्ही नोकरी सुटल्यावरही सोडली नाहीत. बालीगंजच्या फुटपाथवर तुम्ही कायम खाली बघत चाललात. समोरून ओळखीचं कोणी आलं की हाक मला मारावी लागे. घरी आलात की खिसे रिकामे करायचे, आणि खिळे-मोळे त्या काचेच्या बरणीत. बरणी भरली की दुसरी. मी थट्टा करायची, "नवऱ्यानं आजवर मला एक फूल आणलं नाही, गंजके स्क्रू मात्र तीन बरण्या." तुम्ही हसायचात. आता त्या बरण्या मी उचलून खाली भंगारवाल्याला दिल्या. उगाच तुम्हाला वाटायला नको की जपून ठेवल्यात.

उपकारही आहेत तुमचे, ते मी नाकारत नाही. नोकरी संपल्यावर तुम्ही गावाकडे गेला असतात, पण माझी शाळा इथे म्हणून इथे राहिलात. रोज सकाळी मी उठायच्या आधी चहा झालेला असायचा. माझ्या सातवीच्या वर्गात येऊन तुम्ही फूटपट्टी आणि रबरबँड घेऊन दाखवलं होतंत, बोटीवरून विमान कसं फेकतात आणि परत आलं की शेपटाखालचा हूक आडव्या तारेत अडकवून कसं थांबवतात. खडू डस्टरवर उतरवलात. त्या मुली आता पन्नाशीच्या झाल्या, अजून भेटल्या की विचारतात, सर कसे आहेत. माणूस म्हणून तुम्ही वाईट नव्हतात. तेच तर मला पचत नाही.

मग तुम्ही इतिहास लिहायला घेतलात. तुमच्या स्क्वाड्रनचे निवृत्त लोक गोव्यात जमणार होते, त्यांच्यासाठी पुस्तक करायचं होतं, आणि काम कोणावर आलं? काटेकोर माणसावर. तुम्ही मला समजावून सांगितलंत की स्क्वाड्रन म्हणजे शेवटी एक नंबर असतो. जमिनीवर तिचं घर, बोट समुद्रात निघाली की ती बोटीवर चढायची, बोट परतली की उतरायची. विमानं जुनी होतात, बोट मोडीत निघते, माणसं पेन्शनीत जातात. नंबर काही वर्षं झोपतो आणि नवी विमानं आली की पुन्हा जागा होतो. हे सगळं तुम्ही लिहिलंत. पहिली जेट कोणी उतरवली, मग सरळ उभी उतरणारी विमानं आली तेव्हा तार आणि हूक कसे गेले आणि डेकच्या टोकाला चढ कसा आला. एका म्हाताऱ्या वैमानिकाला तीन संध्याकाळी फोन केलात, का, तर त्या दिवशी त्याचं विमान दुसऱ्या तारेला थांबलं की तिसऱ्या. तो बिचारा म्हणाला, "लिहा काहीही." तुम्ही भडकलात. "काहीही कसं लिहीन? इतिहास आहे."

तुमचा हात थरथरायला लागला, म्हणून पक्क्या वह्या मी लिहिल्या. तुम्ही सांगायचं, मी इंग्रजीत उतरवायचं. नवव्या वहीत ते वाक्य आलं. मी आधी लिहिलं आणि मग वाचलं. दोन दिवस स्क्वाड्रनची उड्डाणं बंद, कारण हत्यारांच्या पेटीतला एक पाना हरवला, तपासणीत हलगर्जी, आणि पुढे निमाईचं पूर्ण नाव.

मला पाना हरवला होता हे माहीत होतं. निमाईनंच सांगितलं होतं, कितीदा तरी. बोटीवर प्रत्येक हत्याराची पेटीत त्याच्या आकाराची जागा असते, काम संपलं की जो काम करत होता त्यानं रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात सही करायची आणि जो मोजून ताब्यात घेतो त्यानं दुसऱ्या. त्या दिवशी काम तुमचं होतं, मोजून घेणं त्याचं. तुम्ही म्हणालात, "सगळं आहे, तू कर सही, मी हात धुऊन येतो आणि माझी करतो." त्यानं केली. तुमची राहिली. सकाळी पेटी उघडली तर एक जागा रिकामी, आणि रजिस्टरवर एकच सही. तुम्ही साहेबांना सांगितलंत की पेटी भरलेली दिली होती. निमाई म्हणाला, दादांनी दिली म्हणजे दिली, माझ्याकडूनच गेला असेल. सगळ्या विमानांची झाकणं उघडून बघितली. पाना नाही. त्याला बोटीवरून उतरवलं, किनाऱ्यावर टायरच्या गोदामात बसवलं, पुन्हा कधी स्क्वाड्रनबरोबर पाठवलं नाही. मुदत संपल्यावर तो हावड्याला येऊन लेथवर उभा राहिला.

मी पेन खाली ठेवलं. "नाव कशाला घालता त्याचं? आपल्याकडे जेवतो तो."

"नोंद आहे तशी लिहायची," तुम्ही म्हणालात. "इतिहासात जेवणं नसतात."

"पण तुमची सही राहिली होती, ते कुठे लिहिलंय?"

तुम्ही चपला घातल्यात.

चार दिवस तुम्ही मला काही सांगितलं नाही, लिहूनही घेतलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी गॅलरीत संत्रं सोलता सोलता तुम्ही म्हणालात, "पाना माझ्या खिशात होता." भाजी आणायची राहिली, अशा आवाजात. डांगरीचा, म्हणजे कामाच्या त्या अंगभर निळ्या कपड्यांचा, मांडीवरचा लांब खिसा. शोध सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती धुवायला काढलीत तेव्हा हाताला लागला. तोवर साहेबांपुढे बोलून झालं होतं. तुम्ही बोटीच्या मागच्या टोकाला गेलात आणि तो पाण्यात सोडलात. "वर रांग लागली होती," तुम्ही म्हणालात. "निमाई रांगेत होता, शोधत." आणि संत्र्याची फोड माझ्यापुढे केलीत.

मी विचारलं, का. तुम्ही म्हणालात, "तुला सातवा होता."

हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही. पाना टाकलात ते एक वेळ समजेन. तरुण होतात, घाबरलात. पण स्वतःची भीती झाकायला तुम्ही माझं पोट पुढे केलंत, पोटातलं पोर पुढे केलंत, आणि इतकी वर्षं मला न विचारता मला त्या पापात वाटेकरी करून ठेवलंत. त्या माणसाच्या घरीही म्हातारी आई होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि वर चोरानंच त्याचा निकाल सुवाच्य अक्षरात लिहून ठेवायचा. तेही माझ्या अक्षरात!

"सांगा त्याला," मी म्हटलं. रोज म्हटलं. तुम्ही शब्द दिलात की विश्वकर्मा पूजेला हावड्याला जाऊ तेव्हा सांगेन.

आपण दर वर्षी जात होतो. बाबूघाटावरून लाँच, पलीकडे गल्ल्यांतून सगळीकडे लाऊडस्पीकर, वर पतंग. निमाईच्या वर्कशॉपमध्ये त्या दिवशी लेथ बंद, सगळी हत्यारं घासून-पुसून देवापुढे मांडलेली, त्यांना शेंदूर. भिंतीवर त्यानं बोटीसारखा फळा केला होता, प्रत्येक हत्याराच्या मागे त्याचा आकार लाल रंगात काढलेला, म्हणजे गेलेलं हत्यार लगेच दिसावं. त्यात एका पान्याचा आकार होता, खिळा होता, आणि पाना नव्हता. मी पहिल्या वर्षीच विचारलं होतं. निमाई हसला होता. "ये हमारा गलती का जगह है, बौदी. हमारा लड़का लोग देखेगा तो गिनके रखेगा." पूजा झाली की त्या खिळ्यावर तो एक जास्वंद खोवायचा. आणि तुम्ही तिथे शेजारी उभे राहून हात जोडायचात.

गेल्या वर्षी मी सगळं माहीत असून तिथे बसले आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहिले. आता बोलतील, पान वाढल्यावर बोलतील, हात धुतल्यावर बोलतील. तुम्ही खिचुरीचा घास घेतलात आणि म्हणालात, "बहुत बढ़िया बना है." निमाईनं आणखी वाढली. मीही तोंडात मिठाची गुळणी धरून जेवले. "पुढच्या वर्षी नक्की," एवढं घाटावर उतरताना म्हणालात. पुढची पूजा यायला सहा आठवडे असताना तुम्ही गेलात. चहा करताना, ओट्यापाशी, दोन कप भरून ठेवून.

तर मी गेले. यंदाची पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, नववी वही पिशवीत घालून. बोटीवरच्या रांगेतला तुम्हा दोघांचा फोटो निमाईनं मोठा करून वर्कशॉपमध्ये लावलाय, त्याला ताजा हार होता. त्यानं मला स्टूल पुसून दिलं. मी चहा नको म्हटलं आणि वहीतला उतारा वाचून दाखवला. आपलं नाव ऐकून तो मान हलवत राहिला, बरोबर आहे, असंच झालं होतं. मग मी म्हटलं, "निमाई, ये झूठ है. पाना इनके जेब में था."

त्यानं लेथचं बटण बंद केलं. "बिनायकदा को कब मालूम हुआ?"

"दूसरे दिन सुबह."

"फिर?"

"समुंदर में डाल दिया."

तो बोटांवर काहीतरी मोजत होता. "दूसरा दिन सुबह हम कहाँ था?"

मला ठाऊक होतं. तुम्ही संत्रं सोलताना सांगितलं होतंत. "डेक पर. लाइन में," मी म्हटलं. "ढूँढ रहे थे."

तो बराच वेळ हातातलं फडकं घडी करत राहिला. मग म्हणाला, "माँ को भी हम यही बोला था. माँ, हमसे खो गया." आई केव्हाच गेली त्याची. मला वाटलं होतं तो रडेल, किंवा म्हणेल, जाने दो बौदी, बहुत दिन हुआ. तुम्हालाही तेच वाटत असणार, म्हणून तर इतकी वर्षं ढकललीत. तो तसं काही म्हणाला नाही. उठला, खिळ्यावरचं कालचं फूल काढून केरात टाकलं. मग भिंतीवरचा तुमचा फोटो उतरवला, हारासकट वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, हे वाक्य मी खोडते, तुझं नाव काढून टाकते.

"नहीं," तो एकदम म्हणाला. "बौदी, बारह खाता आप लिखा. उसमें हमारा नाम कितना बार है?"

बाराही वह्यांची सगळी पानं मी लिहिली होती. वैमानिकांची नावं, कप्तानांची नावं, कोणती तार, कोणता दिवस. निमाईचं नाव एकदाच आहे.

"काट देगा तो हम उधर था ही नहीं," तो म्हणाला.

मग आम्ही दोघं बसलो आणि मी ते वाक्य पुन्हा लिहिलं. पाना तुमच्या खिशात होता. तुम्हाला कळलं आणि तुम्ही तो समुद्रात टाकलात. निमाईनं तुमच्या शब्दावर सही केली होती. तुमचं नाव पूर्ण लिहिलं, त्याचंही पूर्ण लिहिलं, आणि खाली मी त्या रजिस्टरसारखे दोन रकाने आखले. वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं चष्मा पुसला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. इंग्रजी त्याला हळू वाचता येतं. शेवटपर्यंत पोचला आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. मग पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं.

"पहले ये. उसके बाद हम."

मी म्हटलं, "वो तो नहीं हैं अब."

"तो कोई तो करेगा," निमाई म्हणाला आणि पेन माझ्यापुढे धरून थांबला.

तुमच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. ते वाळेपर्यंत त्यानं वाट बघितली, आणि मगच सही केली. वही आज सकाळी गोव्याला पाठवली. तुमचा फोटो अजून त्या वर्तमानपत्रातच आहे. पहिली सही करणं तुमचं काम होतं.